हिरव्या तळ्यात मोरचूद टाकण्याआधी

दर उन्हाळ्यात तोच प्रकार. एप्रिल-मेमध्ये तळ्यावर ऑइलपेंट सांडल्यासारखी हिरवी साय येते, वास सुटतो, फोटो फिरतात, तातडीची बैठक बसते आणि दुसऱ्या दिवशी मोरचुदाची (कॉपर सल्फेटची) पोती काठावर येऊन पडतात. चार-सहा दिवस पाणी बरं दिसतं. मग मासे उलटे व्हायला लागतात आणि महिन्याभरात साय परत हजर. पुढच्या बैठकीत ‘मात्रा कमी पडली’ यावर एकमत होतं. चूक मात्रेत शोधतात, पण ती बहुतेक वेळा कामांच्या क्रमात असते.

हा लेख ग्रामपंचायत, नगरपंचायत, तलाव समिती किंवा सोसायटीच्या ताब्यातल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांसाठी आहे. हिशेबाला पाच एकरांचं म्हणजे साधारण २ हेक्टरचं, सरासरी दीड मीटर खोलीचं तळं धरलं आहे. (लोणारचं सरोवर यात येत नाही. ते खारं आणि अल्कधर्मी आहे, तिथलं हिरवं पाणी ही त्याची मूळ प्रकृती आहे.)

## टप्पा १: हिरवं म्हणजे नेमकं काय, ते ठरवा

हिरवं दिसणारं सगळं विषारी नसतं आणि सगळ्यांवर एकच उपाय चालत नाही. पाच मिनिटांत एवढं बघा.

काडी पाण्यात घालून वर काढा. केसांसारखे किंवा कापसासारखे धागे लोंबले, तर ते तंतुमय शेवाळ आहे. दंताळ्याने ओढून निघतं, त्रासदायक असलं तरी सहसा विषारी नसतं. मसुराएवढी सुटी पानं तरंगत असतील तर ते डकवीड. सकाळी हिरवा आणि उन्हं चढली की विटकरी-लाल होणारा पातळ थर बहुधा युग्लिनाचा असतो. काडीला रंग लागल्यासारखं झालं आणि पाण्यात रव्याएवढे हिरवे कण दिसले, तर नील-हरित शैवालाची, बहुतेकदा मायक्रोसिस्टिसची, शंका घ्या. धोका याच्याकडून आहे.

मग बरणीची चाचणी. रबरी हातमोजे घालून, साय टाळून, वीतभर खालचं पाणी काचेच्या बरणीत पाऊण भरा. झाकण लावून फ्रिजमध्ये रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी हिरवा थर वर जमला तर नील-हरित शैवाल असण्याची शक्यता बरीच, कारण त्याच्या पेशींत हवेच्या सूक्ष्म पिशव्या असतात. थर तळाशी बसला तर बहुधा साधं शेवाळ.

थांबा: ही घरगुती चाळणी आहे. विष आहे की नाही हे बरणी सांगत नाही. पक्की ओळख सूक्ष्मदर्शकाखालीच होते आणि जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात ते काम तासाभराचं आहे. नमुना वाऱ्याने साय ढकललेल्या काठाचा एक आणि तळ्याच्या मधला एक, असे दोन घ्या.

## टप्पा २: त्याच दिवशी माणसं आणि जनावरं बाजूला करा

अहवालाची वाट बघू नका. पोहणं, कपडे धुणं, गुरं पाजणं आणि म्हशी डुंबवणं बंद. कुत्री आणि गुरं सायीच्या काठावरच पाणी पितात, म्हणून पहिले बळी तेच जातात. फलक लावाच, पण गुराख्यांना आणि घाटावर येणाऱ्या बायकांना तोंडी सांगा. फलक वाचून म्हैस मागे फिरत नाही.

तळ्यातून पिण्याचं पाणी उचलत असाल तर इथे तीन चुका हमखास होतात.

पहिली, ‘उकळून प्या’ अशी दवंडी. नील-हरित शैवालातलं मायक्रोसिस्टिन हे विष उकळल्याने जात नाही. पाणी आटल्यामुळे त्याचं प्रमाण उलट वाढतं. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ईरी सरोवरातून येणाऱ्या पाण्यात हेच विष सापडलं आणि लाखो लोकांना ‘पिऊ नका, उकळूही नका’ असं सांगावं लागलं.

दुसरी, थेट तळ्यात किंवा जॅकवेलमध्ये (उपशाच्या विहिरीत) टीसीएल (ब्लीचिंग पावडर) ओतणं. क्लोरीनने पेशी फुटतात आणि आत कोंडलेलं विष पाण्यात मिसळतं. आधी अख्ख्या पेशी गाळून काढायच्या आणि क्लोरीन त्यानंतर द्यायचं. जलसुरक्षकाला हा क्रम लेखी द्या.

तिसरी, उपसा पृष्ठभागाजवळ ठेवणं. दुसरा स्रोत उपलब्ध असेल तर तळ्याचा उपसा बंद करा. नसेल तर फूटव्हॉल्व्ह (उपसा-पाइपचं पाण्यातलं तोंड) सायीपासून दूर आणि खाली न्या, पण गाळाला टेकवू नका. जागतिक आरोग्य संघटनेची कायम पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा मायक्रोसिस्टिन-एलआरसाठी लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे. डोळ्यांनी यातलं काही कळत नाही.

## टप्पा ३: मासे वाचवा, साय उचला

दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेच तो खातं. त्यामुळे पाण्यातला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर प्राणवायू लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आसपास किंवा खाली गेला आहे असं धरा.

एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) रात्री दहा ते सकाळी आठ चालवा. आपल्याकडे नेमकं उलटं होतं: संध्याकाळी लोक फिरायला येतात म्हणून कारंजं लावतात आणि रात्री वॉचमन बंद करून झोपतो. ते कारंजं शोभेचं झालं. माशांना त्याची गरज पहाटे चारला असते.

साय काढायला सकाळची, वारा पडलेला असतानाची वेळ चांगली. बांबूला हिरवी शेडनेट बांधून तरंगता अडसर करा, साय वाऱ्याखालच्या कोपऱ्यात हळूहळू ओढत आणा आणि पृष्ठभागावरून पंपाने खेचा. काढलेली साय विहिरीपासून आणि तळ्याकडे येणाऱ्या उतारापासून दूर, प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात टाका. गुरांना चारू नका, भाजीच्या वाफ्यात घालू नका.

मी एका ठिकाणी तीन दिवस राबून काढलेली साय काठावरच ढीग करून ठेवलेली पाहिली आहे. चौथ्या दिवशी वळवाचा पाऊस झाला आणि सगळी परत तळ्यात गेली.

तपासा: साय काढणारे हातमोजे, गमबूट आणि मास्क वापरतात का? अंगावर खाज, पुरळ किंवा उलट्या झाल्या तर काम थांबवा आणि डॉक्टरांना ‘शेवाळाच्या पाण्यात होतो’ हे आवर्जून सांगा.

## टप्पा ४: मापं घ्या. हा टप्पा गाळणारे पुढे दुप्पट खर्च करतात

पाणी किती? दोर आणि वजन घेऊन होडीतून किमान वीस ठिकाणी खोली मोजा आणि सरासरी काढा. आपल्या तळ्याचं उदाहरण: २०,००० चौरस मीटर गुणिले १.५ मीटर म्हणजे ३०,००० घनमीटर. काठावरची एकच खोली धरून केलेला हिशेब दुपटीनेही चुकू शकतो आणि पुढची प्रत्येक मात्रा त्याच्याबरोबर चुकते.

पारदर्शकता. २० सेंटीमीटर व्यासाची पत्र्याची तबकडी, त्यावर आलटून-पालटून काळे-पांढरे चतकोर. सावलीच्या बाजूने सोडा, दिसेनाशी होईल ती खोली लिहा. दर आठवड्याला, त्याच जागी, सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान. सगळ्या मोजमापांत हे सर्वांत स्वस्त, आणि बदल सर्वांत आधी यातच दिसतो.

सामू (पीएच) आणि अल्कता. सामू पहाटे एकदा आणि दुपारी तीनला एकदा. सामू पहाटे ८ च्या आत आणि दुपारी ९ च्या वर, असा झोका असेल तर शेवाळ जोरात आहे. अल्कता (आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता, लिटरला मिलिग्रॅममध्ये) एकदा प्रयोगशाळेतून काढून घ्या, तुरटीच्या वेळी लागेल.

फॉस्फरस. हे शेवाळाचं खाद्य, म्हणून सगळ्यांत महत्त्वाचं माप, आणि सगळ्यांत जास्त चुका इथेच.

प्रयोगशाळेत ‘टोटल फॉस्फरस’ मागा. नुसतं विरघळलेलं फॉस्फेट तपासलं तर अहवालात ते नगण्य येतं, कारण सगळं शेवाळाच्या पोटात गेलेलं असतं. हिरव्यागार तळ्याचा ‘फॉस्फेट आढळले नाही’ असा कागद दाखवून निर्धास्त झालेले पदाधिकारी मी पाहिले आहेत.

अहवालातला आकडा फॉस्फरसचा की फॉस्फेटचा, हे विचारा. दोन्हींत जवळपास तिपटीचा फरक आहे.

आणि नमुन्याची बाटली साबणाच्या पावडरने धुऊ नका. धुण्याच्या कित्येक पावडरींत फॉस्फेट असतं. तळ्याच्याच पाण्याने तीनदा विसळा.

लिटरला ०.०३ मिलिग्रॅमच्या वर फॉस्फरस गेला की बहराची (शेवाळ एकदम माजण्याची) भीती सुरू होते. ०.१ म्हणजे परिस्थिती वाईट. आपल्या तळ्यात ०.१ म्हणजे एकूण फॉस्फरस फक्त ३ किलो. आता तुलना करा: डीएपी खताच्या ५० किलोच्या एका गोणीत सुमारे १० किलो फॉस्फरस असतो.

## टप्पा ५: येणारं पाणी अडवा

खरं काम हे, आणि फोटो याचे येत नाहीत.

कोरड्या दिवसांत सकाळी सहा ते नऊ या वेळात तळ्याभोवती पायी फिरा. याच वेळात मोऱ्या, न्हाण्या, संडास वाहते असतात. दुपारी बारा वाजता पाहणी केली तर नाला कोरडा आणि कागदावर ‘सांडपाणी येत नाही’. जिथे जिथे पाणी तळ्यात पडतं, तिथे दहा लिटरची बादली धरा आणि भरायला किती सेकंद लागतात ते मोजा.

समजा वीस सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला अर्धा लिटर, आणि दिवसभर धार तशीच राहिली तर सुमारे ४३,००० लिटर. घरगुती सांडपाण्यात लिटरला ६ मिलिग्रॅम फॉस्फरस धरला, तर रोज २६० ग्रॅम. आपल्या तळ्याला बिघडवणारे ते ३ किलो एवढीशी मोरी बारा दिवसांत पुरवते. ती वाहती ठेवून वर कुठलंही औषध टाकणं फुकट आहे.

प्रत्येक धारेसमोर तिची वाट लिहा:

- घरांच्या मोऱ्या: शोषखड्डे, विहिरींपासून पुरेसं अंतर राखून. शोषखड्डा मुरत नसेल तर वळण गटार काढून पाणी तळ्याच्या खालच्या अंगाला न्या.
- सेप्टिक टँकचा ओव्हरफ्लो: थेट बंद. इथे तडजोड नाही.
- गोठे: शेण-मूत्र तळ्याच्या उताराबाहेर, खड्ड्यात.
- कपडे धुणं: घाट बंद करताना पर्यायी धुण्याची जागा नळासकट आधी द्या. नुसती बंदी पंधरा दिवस टिकते.
- वरची शेतं: पेरताना खत मातीआड करा आणि काठालगत गवताचा पट्टा सोडा.
- निर्माल्य, पिंडाचा भात, माशांना पाव आणि लाह्या: काठावर कलश आणि रोज उचलणारा माणूस.

आता एक नाजूक गोष्ट. ‘आमच्याकडे एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण केंद्र) आहे, शुद्ध केलेलं पाणीच तळ्यात सोडतो’ असं अभिमानाने सांगितलं जातं. साधा एसटीपी सेंद्रिय घाण काढतो, फॉस्फरस मात्र बराचसा तसाच पुढे जातो. पाणी काचेसारखं दिसतं आणि त्यात लिटरला २-३ मिलिग्रॅम फॉस्फरस असू शकतो, म्हणजे तळ्याला धोक्याच्या पातळीच्या पन्नास-शंभर पट. ते पाणी बागेला द्या. तळ्यातच सोडायचं असेल तर एसटीपीच्या शेवटी फॉस्फरस काढण्याची सोय हवी.

नाल्याच्या तोंडाशी कर्दळ आणि पाणकणीस लावून गाळणी करता येते आणि छान दिसते. पण ती झाडं ठरावीक काळाने कापून बाहेर न्यावी लागतात. तशीच कुजू दिली तर शोषलेलं सगळं परत पाण्यात येतं.

अमेरिकेतल्या सिॲटलजवळच्या लेक वॉशिंग्टनमध्ये १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी टप्प्याटप्प्याने दुसरीकडे वळवलं गेलं. तळ्यात कुठलंही औषध न टाकता पाणी निवळलं. मीटरभरही नसलेली पारदर्शकता पुढच्या काही वर्षांत तिपटीवर गेली. ते सरोवर मात्र खूप खोल आहे. आपली तळी उथळ, आणि गाळ वर्षानुवर्षांचा. म्हणून आपल्याला पुढचा टप्पाही लागतो.

## टप्पा ६: गाळातला साठा

नाले बंद केल्यावर एक पावसाळा जाऊ द्या. मग फेब्रुवारीत आणि मे महिन्यात टोटल फॉस्फरस तपासा. बाहेरून काहीच येत नसताना आकडा चढला तर तो गाळातून येतोय. मात्र बाष्पीभवनाचा हिशेब करा: पाणी निम्मं आटलं तर आकडा आपोआप दुप्पट होतो, त्यात गाळाचा दोष नाही.

तळं आटत असेल तर गाळ काढा. एप्रिल-मेमध्ये वरचा काळा, वास मारणारा थर काढायचा. खालच्या कठीण थराला हात लावू नका, नाहीतर तळं गळायला लागतं. शेताला हा गाळ उत्तम, पण तळ्यात कारखान्याचं किंवा गॅरेजचं पाणी येत असेल तर आधी जड धातूंची तपासणी करा. आणि गाळ काढला की चारी बाजूंनी उभी दगडी भिंत बांधायचा मोह आवरा. उथळ काठ गेला की काठची पाणवनस्पती जाते आणि रान शेवाळाला मोकळं.

आटत नसेल तर तुरटी. पाणीपुरवठा केंद्रात वापरतात ती अॅलम. ती फॉस्फेट धरून तळाशी बसते. क्रम असा:

१. वेळ हिवाळ्याची, बहर ओसरल्यावर. ऐन बहरात दुपारी सामू ९ च्या वर असतो, तेव्हा तुरटीतलं अॅल्युमिनियम पुन्हा विरघळतं आणि पैसा वाया जातो.

२. अल्कता बघा. १ मिलिग्रॅम तुरटी साधारण अर्धा मिलिग्रॅम अल्कता खाते. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या तळ्यांना सहसा अडचण येत नाही. कोकणातल्या जांभ्यावरच्या मऊ पाण्याच्या तळ्यात सामू झपाट्याने घसरू शकतो आणि मासे मरतात. अल्कता ५० च्या खाली असेल तर जाणकाराशिवाय हात घालू नका.

३. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम तुरटी विरघळवा. या द्रावणाच्या १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम तुरटी आली. तळ्याचं पाणी एकेक लिटर चार बरण्यांत घेऊन १, २, ३, ४ मिलिलिटर घाला, ढवळा, तासाभराने बघा. पाणी निवळलं आणि सामू ६.५ च्या वर राहिला अशी सर्वांत कमी मात्रा घ्या.

४. घनमीटर गुणिले लिटरमागचे मिलिग्रॅम बरोबर ग्रॅम. ३०,००० गुणिले ३० म्हणजे ९०० किलो.

५. पिंपात विरघळवून, होडीतून, सकाळी, वारा नसताना, पट्ट्यापट्ट्याने फवारा. खडे भिरकावू नका. ते गाळात रुततात आणि तिथेच राहतात.

थांबा: बरणीतून निघालेली मात्रा फक्त पाण्यातल्या फॉस्फरसपुरती आहे. गाळ बांधून ठेवायला कितीतरी जास्त लागते आणि ती गाळाच्या तपासणीवरूनच ठरते. अंदाजाने वाढवू नका.

## टप्पा ७: शेवाळनाशक, अगदीच वेळ आली तर

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या पाम आयलंडवर १९७९ मध्ये धरणातल्या बहरावर मोरचूद टाकलं गेलं. त्यानंतर काही दिवसांत तेच पाणी पिणारे जवळपास दीडशे लोक आजारी पडून रुग्णालयात गेले. त्यात बहुतेक मुलं होती. मोरचुदाने शेवाळ मेलं आणि त्यातलं विष एकदम पाण्यात सुटलं, असा निष्कर्ष पुढे निघाला.

म्हणून पिण्याच्या तळ्यात ऐन बहरात मोरचूद नको. इतर तळ्यांतही एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त भागात नको, नाहीतर मेलेलं शेवाळ कुजताना प्राणवायू संपवतं. मत्स्यतळ्यांचा ठोकताळा असा: एकूण अल्कता भागिले १०० एवढे मिलिग्रॅम प्रति लिटर ही वरची मर्यादा, आणि अल्कता ५० च्या खाली असेल तर अजिबात नाही. तांबं गाळात साठत जातं, दरवर्षी थोडं थोडं. तोच गाळ उद्या शेतात जाणार आहे.

हायड्रोजन पेरॉक्साइड नील-हरित शैवालावर निवडक काम करतं आणि त्याचं शेवटी पाणी-प्राणवायूच होतं. नेदरलँड्समध्ये एका सरोवरात लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेत ते वापरलं गेलं. पण तीव्र पेरॉक्साइड कातडी आणि डोळे जाळतं, म्हणून हे काम स्वयंसेवकांचं नाही.

‘बायोकल्चर’च्या (जिवाणूंच्या पावडरीच्या) पिशव्या विकायला येणाऱ्याला एकच विचारा: तुमच्या पावडरीने फॉस्फरस तळ्याबाहेर कसा जातो? उत्तर ऐकून ठरवा.

## टप्पा ८: मासे आणि वही

सायप्रिनस (कॉमन कार्प) मासा गाळ उकरून फॉस्फरस वर आणतो, त्याची संख्या कमी करा. गवत्या (ग्रास कार्प) सगळी पाणवनस्पती फस्त करतो आणि मग शेवाळाला स्पर्धक उरत नाही. चंदेरा (सिल्व्हर कार्प) शेवाळ खातो हे खरं, पण तो फक्त मोठे कण टिपतो, बारीक शेवाळ वाढतं आणि विष्ठेतून फॉस्फरस पाण्यातच राहतो. बीज सोडण्याआधी ठेकेदाराच्या करारात जाती लिहून घ्या. तळ्यात शेणखत आणि सुपर फॉस्फेट टाकण्यावर बंदी त्याच करारात घाला, कारण मत्स्यशेतीत ती नेहमीची पद्धत आहे.

एक वही करा: तारीख, तबकडीची खोली, पाण्याची पातळी, सामू, वारा, कुठून काय वाहत होतं. ऑक्टोबरच्या उन्हात आणि मार्च ते पहिल्या पावसापर्यंत दर आठवड्याला नोंद, बाकी वेळ महिन्याला एक. तबकडीची खोली सलग दोन आठवडे घटली की साय दिसण्याआधीच पहाटेची पाहणी सुरू करा, आणि पहिली फेरी टप्पा ५ मधल्या मोऱ्यांवर मारा. बंद केलेल्यांपैकी एखादी कुणीतरी पुन्हा उघडलेली असते.